आधी कॅम्पर ठरवा, मग गाडी

"जावईबापू, गाडी उलाळ झालीय तुमची."

मेलबर्नच्या आमच्या घरासमोर कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची रानातली राहण्याची सोय, भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लिंडर्स रेंजेसच्या डोंगरांकडे निघायचं होतं. सासरे सांगलीकडचे, ऊस आणि हळद करणारे. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. त्यांनी ट्रेलरच्या दांडीला हात घातला, जरा उचलून पाहिली आणि एवढंच बोलले. शब्द मला माहीत होता, पण हायवेवर पळणाऱ्या ट्रेलरशी त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नाही. "मामा, हिला स्वतःचे ब्रेक आहेत, काळजी नको," असं म्हणून मी दोऱ्या आवळायला लागलो.

वेस्टर्न हायवेवर ॲरारॅट मागे टाकून हॉर्शमकडे जाताना समोरून एक लांबलचक, मागे दोन ट्रेलर जोडलेला बी-डबल ट्रक आला. तो बाजूने गेला तशी हवेची थप्पड बसली आणि आरशात ट्रेलर डावीकडे सरकलेला दिसला. मग उजवीकडे. मग परत डावीकडे, आधीपेक्षा जास्त. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी मागच्या ओझ्याचं ऐकत होती. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, एवढं माहीत होतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरचं बटण दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. चार-पाच हेलकावे खाऊन तो शांत झाला. मागच्या सीटवर मुलं एकदम गप्प होती.

पुढच्या थांब्यावर उतरलो तेव्हा मामांचं बोलणं कळलं. ट्रेलरच्या मागच्या पेटीत पाण्याचे २० लिटरचे चार कॅन आणि त्याच्याही मागे दोन सायकली अडकवलेल्या होत्या.

बैलगाडी दोन चाकांची. आसाच्या मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला काचतात. ती उलाळ गाडी. आसाच्या पुढे जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, ती धुरजड. ऊस भरणारा जाणता माणूस गाडी किंचित धुरजड ठेवतो. जू मानेवर नीट बसलं पाहिजे, पण बैल खाली दबता कामा नयेत. कॅम्पर ट्रेलर म्हणजे तीच दोन चाकांची गाडी, फक्त बैलांच्या जागी एसयूव्ही. जू जिथे टेकतं तिथे इथे ५० मिलिमीटरचा पोलादी गोळा असतो, त्याला टो-बॉल म्हणतात. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० टक्के भार त्या गोळ्यावर यावा, असा इथला रूढ हिशोब आहे. त्याहून बराच कमी असेल तर ट्रेलर शेपटासारखा हलतो. बराच जास्त असेल तर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही पुढच्या चाकांवरच जास्त अवलंबून असतात.

हे सगळं आधी सांगितलं, कारण गाडी निवडण्याचा प्रश्न याच गोळ्याशी येऊन थांबतो. ऑस्ट्रेलियात दोन-तीन वर्षं काढली, मुलं जरा मोठी झाली, की आपल्या मंडळींनाही रानात जाऊन राहण्याची ओढ लागते. मग फोन येतो: "कच्च्या रस्त्यावर चालेल आणि कॅम्परही ओढेल अशी कोणती गाडी घेऊ?" मी उलट विचारतो, कॅम्पर कोणता घेणार आहात? बहुतेकांनी ते ठरवलेलं नसतं. त्यांनी गाडी पाहिलेली असते, आणि माहितीपत्रकात ठळक छापलेला ३५०० किलोचा आकडाही पाहिलेला असतो.

३५०० म्हणजे नक्की काय

ब्रेक असलेला जास्तीत जास्त किती वजनाचा ट्रेलर ही गाडी ओढू शकते, याची उत्पादकाने घालून दिलेली मर्यादा म्हणजे तो आकडा. लँडक्रूझर ३००, निसान पेट्रोल, फोर्ड रेंजर, इसुझू एमयू-एक्स, नवी प्राडो, सगळ्यांवर तो ३५०० च आहे. जुन्या १५० मालिकेच्या प्राडोवर ३००० होता. एवढ्या वेगवेगळ्या गाड्या एकाच आकड्याला येऊन थांबत असतील, तर त्या आकड्यावरून त्यांच्यात निवड करता येत नाही हे उघड आहे.

त्याच्या शेजारी बारीक अक्षरात आणखी काही आकडे असतात. गाडीचं रिकामं वजन एक. माणसं, सामान, इंधन धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन किती चालेल तो दुसरा. त्याला जीव्हीएम म्हणतात. दोघांमधला फरक म्हणजे पेलोड, म्हणजे गाडीत तुम्हाला किती भरता येईल ते. भरलेली गाडी आणि भरलेला ट्रेलर मिळून एकूण किती चालेल तो जीसीएम. ट्रेलरच्या बाजूने पाहिलं तर त्याचं भरून जास्तीत जास्त वजन म्हणजे एटीएम.

आता खरी मेख. टो-बॉलवर येणारा भार गाडीच्या पेलोडमध्ये मोजला जातो. ट्रेलर ३ टनांचा असेल तर सुमारे ३०० किलो गाडीच्या पाठीवर आले, आणि ते तुमच्या माणसा-सामानाच्या वाट्यातून गेले. लँडक्रूझर ३०० चं पेलोड व्हेरियंटप्रमाणे साधारण साडेसहाशे ते पावणेआठशे किलो आहे. ७०० धरू. चार माणसांचे २८० आणि बॉलवरचे ३०० गेले, उरले १२०. पुढे धडकेपासून वाचवणारा पोलादी बुल-बार बसवलात तर त्याचे ६०-७० किलो. मागे टो-बॉल बसवायचा टो-बार, ड्रॉवर, फ्रीज, दुसरी बॅटरी, छतावर रॅक. १२० किलो संपून वर कधी गेले ते कळतही नाही. आणि ही या वर्गातली सर्वांत दणकट समजली जाणारी गाडी.

डबल-कॅब यूट, म्हणजे चार दारांची केबिन आणि मागे मालाचा हौदा असलेली गाडी, तिचं गणित आणखी अवघड आहे. समजण्यासाठी आकडे मी गोल घेतो, पण बाजारातल्या बऱ्याच गाड्यांच्या ते जवळ आहेत. रिकामं वजन २२००, जीव्हीएम ३१००, ओढण्याची मर्यादा ३५००, जीसीएम ५९५०. कागदावर पेलोड ९०० किलो, वा! पण मागे पूर्ण ३५०० चा कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, लावला तर जीसीएममधून गाडीला उरतात २४५०. त्यातून रिकामं वजन वजा केलं की राहतात २५० किलो. चार माणसं बसली, जागा संपली. तंबूचा खुंटाही टाकता येत नाही. म्हणजे ९०० किलो भरणं आणि ३५०० किलो ओढणं, दोन्ही दावे खरे, पण एकाच दिवशी नाहीत.

म्हणून माझा स्वतःचा नियम असा: डांबरी रस्त्यावर भरलेला ट्रेलर गाडीच्या मर्यादेच्या चार-पंचमांशात ठेवायचा, आणि कच्च्या रस्त्यावर नेणार असाल तर दोन-तृतीयांशात. हा कायदा नव्हे. खड्डे, वाळू आणि चढ यांना तोंड द्यायला गाडीत काहीतरी शिल्लक राहावं म्हणून ठेवलेली ती गंगाजळी आहे.

कायद्याचंही थोडं सांगतो. ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात, त्यावर ब्रेक हवेतच. २ टनांच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, शिवाय ट्रेलर सुटलाच तर आपोआप लागणारी ब्रेक-अवे यंत्रणाही हवी. मर्यादेपेक्षा जास्त वजन घेऊन अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

मागची ॲक्सल

बॉल मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे आसाच्या, वर नसतो, तिच्याही मागे असतो. हा तपशील फार कमी लोक लक्षात घेतात. तागडीची दांडी आठवा. लँडक्रूझर ३०० च्या दोन ॲक्सलमधलं अंतर २.८५ मीटर आहे. बॉल मागच्या ॲक्सलपासून सव्वा मीटरच्या आत, समजा १.२ मीटर मागे आहे आणि त्यावर २५० किलो टेकलेत. मागच्या ॲक्सलवर वाढलेला भार २५० नसतो, ३५५ असतो. हे जास्तीचे १०५ किलो पुढच्या ॲक्सलवरून उचलून मागे आलेले असतात. त्यातच बूटमध्ये फ्रीज आणि ड्रॉवर असले की एकूण जीव्हीएम मर्यादेत असूनही मागची ॲक्सल मर्यादा ओलांडते. प्रत्येक ॲक्सलची मर्यादा वेगळी दिलेली असते. विकत घेण्याआधी मागून घ्या.

याचा सर्वांत वाईट परिणाम मी एका कॅराव्हॅन पार्कमध्ये जवळून पाहिला. डबल-कॅब यूट, केबिन आणि मागचा हौदा यांच्यामधली फट वरच्या बाजूला बोटभर आणि खाली जवळजवळ बंद. चासी वाकली होती. मालकाने गाडी मागे बसते म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला एअरबॅग, म्हणजे सस्पेन्शनला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, लावल्या होत्या. पाट्या भार चासीवर दोन टोकांना वाटून देतात. एअरबॅग तोच भार मधल्या एका ठिकाणी, ॲक्सलच्या बरोबर वर, ढकलते. मागे लांबवर ट्रेलरचं ओझं खाली ओढतंय, मधून एअरबॅग वर रेटतेय, आणि खाली शेकडो किलोमीटर खडबडीत रस्ता. ऊस गुडघ्यावर मोडतो तसं ते झालं होतं. गाडी दिसायला सरळ उभी राहिली म्हणजे ओझं कमी झालं असं होत नाही.

जीव्हीएम वाढवून घेण्याची अधिकृत सोय इथे आहे. स्प्रिंगा बदलून, प्रमाणपत्र घेऊन गाडीची मर्यादा वाढवता येते. नवी गाडी पहिल्या नोंदणीच्या आधीच करून घेतली तर पुढे राज्य बदलताना त्रास कमी. मात्र जीव्हीएम वाढला म्हणजे जीसीएमही वाढला असं धरून चालू नका. तो स्वतंत्र आकडा आहे.

रानात चालणारी आणि ओढणारी: दोन स्वभाव

रानवाटेला लागते ती गाडी आणि ओढायला लागते ती गाडी, यांचे स्वभाव एकमेकांच्या उलट असतात. खडकांवरून जाताना मऊ, लांब हलणारी स्प्रिंग हवी, म्हणजे चारही चाकं जमिनीला धरून राहतात. मागे दोन टन जोडले की तीच मऊ स्प्रिंग बसते. तिथे ताठ हवी. अरुंद वळणांवर आखूड गाडी वळते. ओढताना आखूड गाडीला ट्रेलर हलवतो, तिथे लांब आणि जड गाडी स्थिर. रानात मागचा भाग आखूड आणि वर उचललेला हवा, आणि टो-बार नेमका तिथेच खाली लोंबतो. ओढ्यातून वर चढताना पहिल्यांदा तोच जमिनीला घासतो.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला म्हणजे फोर्ड रेंजर आणि तिचीच बहीण रेंजर रॅप्टर. रॅप्टर वाळवंटात भरधाव पळण्यासाठी बनवलेली, सस्पेन्शन भारी, इंजिन जोरदार, किंमत जास्त. साधी रेंजर ३५०० ओढते, रॅप्टर २५००. शक्ती कमी पडते म्हणून नव्हे. मऊ सस्पेन्शन निवडलं त्याची ही किंमत आहे.

दुसरं टोक म्हणजे सुझुकी जिम्नी. जिथे मोठ्या गाड्या अडकतात तिथून ही शेळीसारखी निघते. पाच दाराची जिम्नी तर भारतात बनून इथे येते. पण ओढण्याची मर्यादा १३०० किलो, आणि गाडीचं स्वतःचं वजनच अकराशेच्या आसपास. हिच्यामागे दोघांपुरता टिअरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पर, सहाशे-सातशे किलोचा, शोभतो. दोघंच असाल, स्वयंपाक बाहेर करायला हरकत नसेल, तर मी ही जोडी मनापासून सुचवतो. हलक्या जोडीने जे रस्ते दाखवलेत ते मोठ्या कॅराव्हॅनवाल्यांना दिसत नाहीत.

आणि आपल्या चाकणची स्कॉर्पिओ. २०२३ पासून ती ऑस्ट्रेलियात विकली जाते. मेलबर्नच्या सिग्नलला शेजारी येऊन थांबली की छाती फुगते, हे लपवत नाही. २.२ लिटरचं डिझेल, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, फोर-बाय-फोर, आणि ओढण्याची मर्यादा २५०० किलो. माझ्या दोन-तृतीयांशाच्या नियमाने भरलेला १६०० किलोचा कॅम्पर हिच्यामागे ठीक. पण प्रेमाने डोळे झाकू नयेत: २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा-चाचणीत ५ तारे मिळवलेल्या या गाडीला २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एएनकॅपने शून्य दिले. दोन्हींचे निकष वेगळे आहेत, आणि इथल्या चाचणीत आपोआप ब्रेक लावण्यासारख्या अपघात टाळणाऱ्या यंत्रणांना मोठं वजन आहे. घेताना कोणत्या वर्षाची गाडी आहे आणि त्यात या यंत्रणा आहेत का, ते विचारा.

भारतात हा विचार करणाऱ्यांना एक अडचण आहे: आपल्याकडच्या माहितीपत्रकात ओढण्याची मर्यादा सहसा छापलेलीच नसते. परदेशातला आकडा उचलून भारतातल्या गाडीला लावू नका. नाव तेच असलं तरी गिअर, ब्रेक, थंड करण्याची यंत्रणा वेगळी असू शकते.

इंजिनाबद्दल लोक फार बोलतात, मी थोडक्यात उरकतो. कमी आरपीएमवर टॉर्क देणारं डिझेल आणि चांगला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ही जोडी ओढायला आणि वाळूला दोन्हीला सोपी. लो-रेंज, म्हणजे चाकं सावकाश पण जोराने फिरवणारी खालच्या गिअरांची सोय, हवीच; उतारावर दोन टन मागून ढकलत असताना ब्रेक तापू न देता उतरायचं तर तीच कामी येते. पेट्रोल इंधनावरची व्ही-८ निसान पेट्रोल ओढते सुरेख, पण पितेही तशीच. बीवायडी शार्कसारखी प्लग-इन हायब्रिड यूट पहिल्या आवृत्तीत २५०० किलो ओढते, पण तिला लो-रेंज नाही. निव्वळ विजेवरची गाडी कॅम्पर घेऊन आउटबॅकमध्ये नेणं मला आज तरी पटत नाही. ट्रेलर लागला की एका चार्जमधलं अंतर खूप घटतं आणि चार्जर फार दूर-दूर आहेत.

तुमचा रस्ता कोणता

ऑफ-रोड हा एकच शब्द इथे चार-पाच वेगळ्या गोष्टींना वापरतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनडट्टा ट्रॅक घ्या. मॅरी ते मार्ला, सुमारे ६२० किलोमीटर, जुन्या रेल्वेमार्गाच्या आणि १८७२ मध्ये पूर्ण झालेल्या तारायंत्राच्या मार्गाच्या कडेने. कोरड्या दिवसांत साधी एसयूव्हीही जाते. पण रस्त्यावर आडव्या लाटा असतात, आपल्या पत्र्याच्या छपरासारख्या. त्या गाडीला मोडत नाहीत, ट्रेलरला मोडतात. शॉक ॲब्सॉर्बर तापतो, बोल्ट सैल होतात, कपाटाचे बिजागर निखळतात. या रस्त्याला शक्तिमान गाडी नको, चांगल्या सस्पेन्शनचा ट्रेलर हवा, आणि टायरमधली हवा कमी करण्याचा कंटाळा नसणारा ड्रायव्हर हवा.

मॅरीला थांबलात तर खजुराची झाडं आणि उंटवाल्यांच्या खुणा जरूर पाहा. हा मुलूख वाहतुकीला खुला करण्यात आपल्या उपखंडातून आणि अफगाणिस्तानातून आलेल्या उंटवाल्यांचा मोठा वाटा होता. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी जे उंट मेलबर्नला उतरवले ते कराचीहून जहाजावर चढले होते, आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होतं. रानवाटेवर ओझं कसं वाहायचं ही विद्या इथे आपल्या बाजूने आलेली आहे, या विचाराने मला तिथे फार बरं वाटलं.

वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीमधला गिब रिव्हर रोड, सुमारे ६६० किलोमीटर, हा लाटा, दगड आणि नद्या यांचा रस्ता. पेंटेकॉस्ट नदी गाडीतूनच ओलांडावी लागते. पावसाळ्यात तो बंद असतो. इथे जमिनीपासून उंची, जाड बाजूंचे एलटी (हलक्या ट्रकचे) टायर आणि दोन स्पेअर लागतात. व्हिक्टोरियाच्या डोंगराळ हाय कंट्रीत अंतर थोडं, पण चढ अंगावर येणारे. तिथल्या अवघड वाटांवर मी ट्रेलर नेतच नाही. आणि सिम्प्सन वाळवंट, जिथे वाळूच्या टेकड्या एकामागून एक शेकड्यांनी पार कराव्या लागतात, तिथे ट्रेलर न्यायचा मोह नकोच. वाळवंटाच्या कडेच्या बर्ड्सव्हिल गावात कॅम्पर सोडा, बिग रेड या वाळूच्या मोठ्या टेकडीवर फक्त गाडी घेऊन चढा.

हा पर्याय लोक विसरतात. कॅम्पर पायथ्याशी उभा करून पुढे मोकळ्या गाडीने जाता येतं. तुमच्या दहा सहलींपैकी आठ अशा असतील, तर कॅम्पर फार रानटी असण्याची गरज नाही आणि गाडीही मधल्या वजनाची चालेल. पैसे वाचतात ते इथे.

कॅम्परकडून गाडीकडे

म्हणून क्रम असा ठेवा. किती माणसं झोपणार, किती दिवस, पाणी किती न्यायचं. कापडी तंबू उघडणारा साधा कॅम्पर ट्रेलर भरून हजार-बाराशे किलोंत बसतो. पक्क्या भिंतींचा हायब्रिड कॅम्पर भरून दोन-अडीच टन. आत संडास-बाथरूम असलेला ऑफ-रोड कॅराव्हॅन तीनच्या पुढे. विक्रेता जे रिकामं वजन सांगतो त्यात पाणी, गॅस, कधीकधी चांदवा आणि सोलर पॅनलही धरलेलं नसतं. १०० लिटरच्या दोन टाक्या भरल्या की २०० किलो झाले, हे शाळेतलं गणित आहे. टाक्या चाकांच्या पुढे आहेत की मागे, ते खाली वाकून पाहा. पाणी संपत जाईल तसा बॉलवरचा भार बदलत जातो.

कॅम्परचं भरलेलं वजन हाती आलं की त्याला दीडने गुणा. कच्च्या रस्त्यासाठी गाडीची मर्यादा किमान तेवढी हवी. मग पेलोडमधून बॉलचा भार आणि घरची माणसं वजा करा. उरलेल्यात तुमचं सामान बसतं का? बसत नसेल तर सहसा मोठी गाडी हे उत्तर नसतं. लहान कॅम्पर हे उत्तर असतं. कमी वजनाने पेट्रोल-डिझेल वाचतं, टायर टिकतात, आणि वाळूत रुतलात तर दोघांच्या फावड्याने बाहेर पडता येतं.

ट्रेलर पाहताना आणखी दोन गोष्टी. त्याच्या दोन चाकांमधलं अंतर गाडीएवढंच आहे का? वाळूत गाडीच्या चाकोरीतून ट्रेलरची चाकं गेली तर ओढायला खूप कमी जोर लागतो. आणि त्याची चाकं गाडीला बसतात का? बसत असतील तर एक स्पेअर दोघांना चालतो. जोडणी म्हणाल तर साधं बॉल कपलिंग गाडी-ट्रेलर फार वाकडेतिकडे झाले की अडतं. रानासाठी डीओ-३५ सारखी सर्व दिशांनी फिरणारी जोडणी घ्यावी. हायवेवर वजन वाटून देणारे दांडे लावत असाल, तर खोल ओढ्या-नाल्यांत शिरण्याआधी ते काढा. नाहीतर सगळा ताण टो-बार आणि चासीवर येतो.

काट्यावर चला

मामांचं आयुष्य साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजून देण्यात गेलं. अंदाजावर त्यांचा विश्वास नाही. त्या सहलीहून परतल्यावर त्यांनी मला आधी तसाच, मग बदलून, असा दोनदा ट्रेलर भरायला लावला आणि दोन्ही वेळा आम्ही काट्यावर गेलो. इथे सार्वजनिक वजनकाटे बऱ्याच शहरांत आहेत.

वजन चारदा करायचं. पहिल्यांदा गाडी आणि ट्रेलर दोन्ही काट्यावर: हे जीसीएमशी ताडून पाहा. दुसऱ्यांदा ट्रेलर जोडलेलाच, पण फक्त गाडीची चाकं काट्यावर: हे जीव्हीएमशी. तिसऱ्यांदा जोडलेल्या ट्रेलरची फक्त चाकं. चौथ्यांदा ट्रेलर सोडवून एकटा, पुढच्या टेकूच्या चाकासकट: हे एटीएमशी. चौथ्यातून तिसरं वजा केलं की बॉलवरचा भार मिळतो. जमलं तर गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पाचवंही घ्या. माणसं, पाणी, पूर्ण टाकी, फ्रीजमधली भाजी, सगळं सहलीला निघताना असतं तसंच हवं.

सायकली मागे, पाण्याचे कॅन मागच्या पेटीत: ट्रेलर १९४० किलो, बॉलवर ८५. म्हणजे साडेचार टक्केही नाही. मग कॅन पुढच्या पेटीत आणले, सायकली गाडीच्या छतावर नेल्या. ट्रेलर १९०५ किलो, बॉलवर १९५. दहा टक्क्यांना जरासं वर. मामांनी चिठ्ठी हातात घेतली, ट्रेलरजवळ गेले आणि पुन्हा एकदा दांडी उचलून पाहिली. या वेळी ती त्यांना एकट्याला उचलली नाही.